१९८९ च्या पद्मिनीतील जळालेली वायर : एका नवशिक्याने केलेल्या दुरुस्तीचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

हे प्रकरण रत्नागिरी जिल्ह्यातील खाडीकाठच्या एका गावात घडले. गाडीचे मालक माध्यमिक शाळेत गणित शिकवतात. त्यांचे नाव, गाव आणि गाडीचा क्रमांक येथे मुद्दाम दिलेला नाही. पुढे त्यांचा उल्लेख ‘सर’ असाच येईल. वाहनांच्या इलेक्ट्रिकल कामात माझा तीस वर्षांहून अधिक काळ गेला आहे आणि मी आता निवृत्त आहे. या दुरुस्तीला माझा हात फारसा लागला नाही, पण प्रत्येक टप्प्यावर सर मला फोन करून विचारत असत आणि तीन वेळा मी स्वतः जाऊन काम पाहिले. त्यामुळे काय झाले, कोणत्या क्रमाने झाले आणि कुठे चुकले, हे मला जवळून सांगता येते.

गाडी १९८९ ची प्रीमियर पद्मिनी. इटलीच्या फियाट ११०० वरून घडलेली ही गाडी मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होत असे आणि कित्येक वर्षे मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणजे हीच गाडी असे समीकरण होते. सरांच्या वडिलांनी ती मुंबईत नवी घेतली, नोकरीभर वापरली आणि निवृत्तीनंतर गावी आणली. वडील गेल्यावर २०१९ ते २०२३ या काळात ती पत्र्याच्या शेडमध्ये उभी राहिली. कोकणातले चार पावसाळे, खाडीवरून येणारी खारी हवा आणि बॉनेटखाली घर केलेले उंदीर एवढ्याचा परिणाम वायरिंगवर होणारच होता. २०२३ मध्ये सरांनी कार्बोरेटर, ब्रेक आणि टायर यांचे काम करून घेतले, गाडी चालू झाली, आणि चालू झाली म्हणजे वायरिंग ठीक असणार असे त्यांनी धरून चालले.

याला आणखी एक बाजू होती. खासगी गाडीची नोंदणी पहिली १५ वर्षे चालते, त्यानंतर दर ५ वर्षांनी गाडी तपासणीला नेऊन नूतनीकरण करावे लागते. या गाडीची ती तारीख २०२४ च्या नोव्हेंबरात येत होती. दिवे, इंडिकेटर, ब्रेकलाइट, हॉर्न आणि वायपर चालू असल्याशिवाय तेथे जाण्यात अर्थ नव्हता.

समस्या

जून २०२४ च्या शेवटच्या आठवड्यात सर खेडहून सायंकाळी परतत होते. पाऊस होता, वायपर चालू होते, अंधार पडल्यावर त्यांनी हेडलाइट अप्परवर घेतले. साधारण दहा मिनिटांनी उजवा दिवा एकदम विझला आणि डॅशबोर्डखालून प्लॅस्टिक जळाल्याचा तीव्र वास आला. पाठोपाठ स्टिअरिंगच्या नळीजवळून धूर निघाला. त्यांनी गाडी कडेला घेतली, दिव्याचा स्विच बंद केला, बॉनेट उघडले. बॅटरीची निगेटिव्ह केबल काढायची हे त्यांना ठाऊक होते, पण पाना डिकीत, सामानाखाली होता. तो काढून टर्मिनल सैल करेपर्यंत चारेक मिनिटे गेली. पेट्रोलच्या गाडीत, बॉनेटखाली वायर जळत असताना चार मिनिटे हा फार मोठा वेळ आहे. स्विच बंद केल्यावर धूर कमी होत गेला म्हणून आग लागली नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला फोन केला. त्यांचे पहिले वाक्य असे होते : “काका, फ्यूज कमजोर असणार. ८ चा आहे, त्या जागी १६ चा टाकला तर चालेल ना?”

मी त्यांना सांगितले, “सर, फ्यूजला हात लावू नका. फक्त बाहेर काढा आणि फोटो पाठवा.”

फोटो आला. या गाडीत जुन्या युरोपीय पद्धतीचे, दोन्ही टोकांना निमुळते सिरॅमिकचे फ्यूज आहेत. पांढरा म्हणजे ८ अँपिअर, लाल म्हणजे १६. उजव्या अप्परचा फ्यूज पांढरा होता. त्याच्या पाठीवरची पातळ धातूची पट्टी फार पूर्वीच वितळून तुटलेली होती आणि तिच्या जागी तांब्याचे दोन तंतू एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पीळ देऊन गुंडाळलेले होते. तंतू काळेनिळे पडले होते, पण तुटले नव्हते. म्हणजे या मार्गावर फ्यूज असा नव्हताच. वायर जळेल, पण हे तंतू जळणार नाहीत, अशी ती जोडणी होती.

हे कोणी केले, केव्हा केले, ते कळले नाही. रात्री वाटेत दिवे गेले असताना कोणी तरी अडचणीतून मार्ग काढला असेल आणि घरी गेल्यावर नवा फ्यूज टाकायचा राहून गेला असेल. असे फ्यूज मी शेकड्याने पाहिले आहेत आणि दर वेळी मला तितकेच वाईट वाटते, कारण फ्यूज असतो तो वायरीसाठी. दिवा सांभाळणे हे त्याचे कामच नाही.

कारणाचा शोध

सरांना जळालेली वायर शोधायची होती. ती शोधायला दहा मिनिटे पुरली : फ्यूज बॉक्सपासून उजव्या दिव्याकडे जाणारी वायर पत्र्याच्या धारदार कडेवर घासून उघडी पडली होती, कारण तेथील रबरी बुश वाळून, तडकून गळून गेले होते. पावसात गाडीचे हादरे बसले, तांबे पत्र्याला टेकले, शॉर्ट झाले. फ्यूज नसल्यामुळे सगळा करंट त्या मार्गाने धावला आणि स्टिअरिंगवरच्या दांडीच्या स्विचपर्यंतची वायर तापली.

येथेच थांबून तो तुकडा बदलला असता तर गाडी त्याच संध्याकाळी पुन्हा रस्त्यावर आली असती. पण मुळात फ्यूज का उडत होता, हा प्रश्न त्यात राहून गेला असता. मी सरांना दिव्याचे बल्ब काढून त्यांवरचे आकडे वाचायला सांगितले. दोन्ही बल्ब १००/९० वॅटचे निघाले. या प्रकारच्या हॅलोजन बल्बचे प्रमाण ६०/५५ वॅट आहे. पुढचे गणित सरांनी स्वतःच केले. १०० भागिले १२ म्हणजे ८.३ अँपिअर, इंजिन चालू असताना व्होल्टेज १४ च्या आसपास जाते, तेव्हा करंट ९ अँपिअरजवळ. ८ अँपिअरचा फ्यूज लांबच्या प्रवासात उडणारच. आणि दोन्ही दिव्यांचा मिळून सतरा-अठरा अँपिअर करंट दांडीच्या लहानशा स्विचमधून आणि एकाच बारीक वायरीतून जात होता.

मग १०० वॅटचे बल्ब का घातले गेले? घरी विचारल्यावर आईंनी सांगितले की, दिवे फार मंद पडतात अशी वडिलांची जुनी तक्रार होती. ती तक्रार कुठून आली, हे मल्टिमीटरने सांगितले. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा डावा दिवा अप्परवर लावून आम्ही मोजणी केली. बॅटरीवर १२.२ व्होल्ट, दिव्याच्या पिनांवर १०.१. मधल्या मध्ये २.१ व्होल्ट गेले होते : १.२ पॉझिटिव्हच्या वाटेवर आणि ०.९ अर्थिंगच्या, म्हणजे करंट बॉडीच्या पत्र्यातून बॅटरीकडे परत येतो त्या, वाटेवर. हॅलोजन दिव्याचा प्रकाश व्होल्टेजबरोबर फार वेगाने उतरतो. एवढ्या घसरणीत तो जवळपास निम्म्यावर येतो. दिव्याची अर्थिंगची वायर ज्या स्क्रूने बॉडीला बांधली होती, तो स्क्रू रंग आणि गंज यांच्या थरावर बसला होता.

साखळी आता पूर्ण दिसत होती. अर्थिंगला गंज चढला म्हणून दिवे मंद झाले, दिवे मंद झाले म्हणून मोठे बल्ब आले, मोठ्या बल्बमुळे फ्यूज उडू लागला, फ्यूज उडतो म्हणून त्यावर तांबे गुंडाळले गेले, आणि त्या तांब्यामुळे वायर जळाली. प्रत्येकाने आपल्यापुढची तक्रार मिटवली होती आणि ती मिटवताना गाडी पुढच्या बिघाडाच्या जवळ नेली होती. मूळ दोष एका स्क्रूखालच्या गंजाचा होता. तो खरवडायला पॉलिश पेपरचा तुकडा पुरला असता.

विचारात घेतलेले पर्याय

पहिला पर्याय म्हणजे गावातल्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे गाडी देणे. त्याने प्रामाणिकपणे सांगितले की संपूर्ण वायरिंग तो हाताने नवे बांधून देईल, अठरा हजार रुपये घेईल, पण पावसाळा संपेपर्यंत त्याला सवड नाही. दुसरा पर्याय तयार वायरिंग सेट मिळवण्याचा. मुंबईच्या टॅक्सी-ताफ्यातली शेवटची पद्मिनी ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली आणि तिच्याबरोबर सुट्या भागांची मागणीही आटली. कुर्ल्याच्या बाजारात ओळखीच्या माणसाकरवी चौकशी केली, तेव्हा जुन्या गाडीतून काढलेला सेट मिळत होता. मी तो घेऊ नये असे सुचवले, कारण तीस-पस्तीस वर्षे वयाची एक वायर काढून तेवढ्याच वयाची दुसरी बसवण्यात पैसे आणि श्रम दोन्ही वाया गेले असते. तिसरा पर्याय फक्त जळालेला भाग बदलण्याचा. तो का नको, हे वर आलेच आहे.

चौथा पर्याय सरांनी स्वतः मांडला : एका वेळी एकच सर्किट हातात घ्यायचे, ते पूर्ण करायचे, तपासायचे, मगच पुढचे. मला प्रथम संकोच वाटला. सरांनी आयुष्यात घरातल्या प्लगची वायर सोडली तर काही जोडलेले नव्हते. पण त्यांची दोन लक्षणे मला आश्वासक वाटली : ते प्रत्येक गोष्ट वहीत लिहीत होते, आणि न समजलेल्या गोष्टीला ‘समजले’ म्हणत नव्हते. मी तीन अटी घातल्या. सेल्फची (इंजिन सुरू करणाऱ्या मोटरची) जाड केबल आणि चार्जिंग यांना ते हात लावणार नाहीत, ते काम इलेक्ट्रिशियनच करील. काम चालू असताना बॅटरीची निगेटिव्ह केबल काढलेली राहील. आणि नवे सर्किट बॅटरीला जोडण्यापूर्वी दर वेळी चाचणी दिव्याने तपासले जाईल. यात मी आणखी एक भर घातली, ती म्हणजे शेडमध्ये कोरड्या पावडरचा अग्निशामक हाताशी ठेवायचा आणि पेट्रोलचा वास येत असेल त्या दिवशी काम करायचे नाही.

केलेले काम

खरेदीतच पहिली चूक झाली. सरांनी घरगुती फिटिंगची, एकाच जाड तारेची वायर आणली. भिंतीत ती वायर हलत नाही म्हणून टिकते. गाडीत सतत हादरे असतात, तेथे ती वाकते त्या जागी काही महिन्यांत तुटते. ती परत करून बारीक अनेक तंतूंची, उष्णता आणि तेल सहन करणारी ऑटो वायर आणली : साध्या दिव्यांसाठी १ चौरस मिलिमीटर, हेडलाइटसाठी २.५, रिलेला (किरकोळ करंटवर चालून मोठा करंट चालू-बंद करणाऱ्या स्विचला) बॅटरीकडून येणाऱ्या मुख्य वायरीसाठी ४. जाडीचा हिशेब त्यांना मी असा दिला : १ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरीचा रोध मीटरमागे साधारण ०.०१८ ओहम असतो. पाच मीटर वायर म्हणजे ०.०९ ओहम, आणि त्यातून १६ अँपिअर नेले तर जवळजवळ दीड व्होल्ट वाटेतच जातात आणि त्याची उष्णता वायरीत राहते. गणिताच्या शिक्षकाला एवढे पुरले. पुढच्या प्रत्येक वायरीची जाडी त्यांनी स्वतः काढली.

जुनी वायर उघडण्याचा अनुभव त्यांना बरेच काही शिकवून गेला. फ्यूज बॉक्सजवळच्या एका वायरीचे टोक त्यांनी सोलले, तेव्हा आतले तांबे काळे कुळकुळीत होते आणि त्यावर हिरवट भुकटी धरली होती. चकचकीत तांबे लागेपर्यंत मागे कापत जायचे असा नियम आहे. त्यांनी पाच सेंटिमीटर कापले, मग आणखी पाच, मग आणखी, तांबे काळेच. वरचे आवरण काडीसारखे कडक झाले होते आणि वाकवले की कडकन तडा जात होता. तंतूंच्या मधल्या फटीतून ओल कित्येक सेंटिमीटर आत चढलेली असते आणि बाहेरून पाहणाऱ्याला वायर सुस्थितीत दिसते. त्या दिवशी त्यांनी जोड देण्याचा विचार सोडला आणि वायर टोकापासून टोकापर्यंत बदलण्याचे ठरवले.

जोडांविषयी आमचे थोडे मतभेद झाले. सरांना डाक देणे, म्हणजे सोल्डरिंग, जास्त पक्के वाटत होते. स्थिर यंत्रात ते पक्के असतेही. पण गाडीत डाक तंतूंच्या आत चढतो आणि तो जेथे संपतो तेथे वायर ताठ होऊन हादऱ्याने तुटते. म्हणून योग्य मापाचे थिंबल, म्हणजे वायरीच्या टोकावर दाबून बसवायचे धातूचे टोक, ते दाबायला चांगली क्रिम्पिंगची पकड आणि वरून उष्णतेने आकसणारी स्लीव्ह असे ठरले. प्रत्येक थिंबल दाबून झाल्यावर वायर हाताने जोर लावून ओढून पाहायची. निघाली तर ती आताच निघालेली बरी. चिकटपट्टी, म्हणजे साधी इन्सुलेशन टेप, जोडावर वापरायची नाही, कारण इंजिनाच्या उष्णतेत तिचा डिंक पाघळतो आणि वर्षभरात ती सुटते. जुन्या जुडग्यावर अशा टेपचे सात-आठ थर होते आणि त्यांच्या आत उघडे, नुसते पीळ दिलेले जोड होते.

हेडलाइटसाठी दोन रिले घातले, एक अप्परला आणि एक डिपरला. मोठा करंट आता बॅटरीकडून फ्यूजमार्गे रिलेच्या ३० क्रमांकाच्या पिनेवर येतो आणि ८७ वरून दिव्याकडे जातो. दांडीच्या जुन्या स्विचला फक्त ८५ आणि ८६ मधल्या कॉइलचा किरकोळ करंट उचलावा लागतो. बल्ब पुन्हा ६०/५५ चे आले. अर्थिंगच्या सगळ्या जागा पत्रा दिसेपर्यंत घासल्या, नवे स्क्रू आणि दातेरी वॉशर घातले, वरून ग्रीस लावले. पत्र्यातून वायर जाते त्या प्रत्येक भोकाला नवे रबरी बुश बसवले, आणि उंदीर येत होते त्या दोन फटींना जाळी मारली.

काम चालू असतानाच सर्वांत महत्त्वाची चूक सापडली. मी दुसऱ्यांदा गेलो तेव्हा रिले नीट बसले होते, जोड स्वच्छ होते, फ्यूजही होता. पण तो रिलेच्या शेजारी होता. बॅटरीपासून तेथपर्यंत दीड मीटर वायर फ्यूजशिवाय, पत्र्याला लागून धावत होती. ती वाटेत कुठेही घासली असती तर जूनमधला प्रसंग जसाच्या तसा, आणि अधिक जाड वायरीमुळे अधिक तीव्रतेने, पुन्हा घडला असता. सरांचे म्हणणे होते की फ्यूज मार्गात कुठेही असला तरी करंट तोच. तर्क बरोबर होता, पण फ्यूज त्याच्या पुढच्या वायरीला वाचवतो, मागच्या वायरीला नाही. त्याच दिवशी तो बॅटरीपासून वीतभर अंतरावर आणला. गाडीत मुळापासून इग्निशनच्या मुख्य वायरीवरही फ्यूज नव्हता. तेथेही बॅटरीजवळ एक मुख्य फ्यूज इलेक्ट्रिशियनने बसवून दिला आणि निगेटिव्हवर हाताने फिरवायचा कटऑफ स्विच घातला. डिकीतल्या पान्याची आठवण ताजी होती.

निर्णयाचे क्षण

मागे वळून पाहताना तीन जागा अशा दिसतात की, तेथे हे प्रकरण वेगळीकडे गेले असते. पहिली अर्थातच १६ अँपिअरच्या फ्यूजची. धूर न येता नुसता दिवा विझला असता तर सरांनी तो फ्यूज टाकला असता आणि विषय संपला असे मानले असते. धूर आला म्हणूनच त्यांनी फोन केला.

दुसरी जागा मल्टिमीटरच्या ‘बीप’ची. ऑगस्टमध्ये सरांनी ब्रेकलाइटची जुनी वायर मीटरने तपासली, बीप वाजला, म्हणून ती ठेवायचे ठरवले. बीप एवढेच सांगतो की कुठून तरी वाट आहे; वीस तंतूंपैकी एकच धड असला तरी तो तितकाच खणखणीत वाजतो. मी त्यांना त्या वायरीतून २१ वॅटचा बल्ब लावून पाहायला सांगितले. त्याला पावणेदोन अँपिअर लागतात. बल्ब निखाऱ्यासारखा तांबूस पेटला आणि तेवढ्यावरच राहिला. ती वायर बदलली. नवशिक्यासाठी हा प्रयोग मला सर्वांत मोलाचा वाटतो, कारण यानंतर सरांनी मीटरच्या बीपवर विसंबून एकही वायर ठेवली नाही. याच बल्बचा दुसरा उपयोगही ते दर वेळी करत : बॅटरीचा पॉझिटिव्ह आणि गाडीची केबल यांच्यामध्ये बल्ब घालायचा, सगळे स्विच बंद ठेवायचे, बल्ब पूर्ण तेजाने पेटला तर कुठे तरी शॉर्ट आहे, आणि वायर जळण्याऐवजी बल्बच तो करंट अडवून धरतो. असा शॉर्ट त्यांना एकदा सापडला, हॉर्नच्या वायरीत.

तिसरी जागा म्हणजे सप्टेंबरची घाई. गणपतीच्या सुट्टीत मुंबईहून भाऊ येणार होता आणि गाडी तोवर चालू करायची होती. एका दिवसात त्यांनी दोन सर्किटे एकदम उघडली. वायरींना लावलेल्या कागदी चिकटपट्ट्यांवर बॉलपेनने क्रमांक होते. दमट हवेत त्यांपैकी चार पट्ट्या गळून पडल्या आणि शाई पसरली. कोणती वायर इंडिकेटरची आणि कोणती पार्किंगची, हे पुन्हा शोधण्यात दोन दिवस गेले. ‘एका वेळी एक’ हा नियम त्यांचा स्वतःचाच होता.

परिणाम

नऊ रविवार आणि सुट्टीचे पाच दिवस एवढा वेळ लागला. खर्च सहा हजार चारशे रुपये झाला, त्यात मल्टिमीटर आणि क्रिम्पिंगची पकड धरली आहे. इलेक्ट्रिशियनची मजुरी वेगळी, पंधराशे. काम झाल्यावर आम्ही तीच मोजणी पुन्हा घेतली : बॅटरीवर १२.४ व्होल्ट, दिव्यावर १२.०. त्या रात्री अंगणातून समोरच्या माडांवर उजेड टाकून पाहिला तेव्हा आई म्हणाल्या की, एवढा उजेड तर गाडी नवी असतानाही नव्हता. ६० वॅटचे बल्ब होते ते.

नोव्हेंबरच्या तपासणीत गाडी पहिल्याच फेरीत पास झाली. पण त्यानंतर तीन आठवड्यांनी डावा ब्रेकलाइट बंद पडला. कारण सरांनीच शोधले : अगदी सुरुवातीच्या दिवसांत, साध्या पकडीने दाबलेले एक थिंबल निसटले होते. क्रिम्पिंगची पकड आणण्याआधी दाबलेली अशी अकरा थिंबले वहीत सापडली आणि ती सगळी त्यांनी पुन्हा केली. पेट्रोलचा काटा अजूनही टाकी भरली तरी निम्म्यावर उभा राहतो. टाकीतील सेंडरचे, म्हणजे पेट्रोलची पातळी काट्याला कळवणाऱ्या भागाचे, अर्थिंग तपासायचे राहिले आहे.

काय वेगळे करता आले असते

माझ्या बाजूने सांगायचे तर, फ्यूज बॅटरीजवळ हवा हे मी पहिल्याच दिवशी कागदावर काढून द्यायला हवे होते. मला ते इतके अंगवळणी पडलेले आहे की सांगायचे राहिले. शिकवणाऱ्याला जे उघड वाटते तेच शिकणाऱ्याला सांगितले जात नाही, आणि येथे त्याची किंमत मोठी ठरली असती. कटऑफ स्विचही शेवटी न बसवता सर्वांत आधी बसवायला हवा होता. नऊ आठवडे गाडी त्याच्याशिवाय शेडमध्ये होती.

सरांच्या बाजूने, काम सुरू करण्यापूर्वी संपूर्ण वायरिंगचा नकाशा काढून घेणे गरजेचे होते. त्यांनी तो जसजसे काम होत गेले तसतसा काढला, त्यामुळे दोन ठिकाणी वायर एकदा टाकून पुन्हा काढावी लागली. क्रमांकांसाठी छापील प्लॅस्टिकच्या स्लीव्ह मिळतात आणि त्या ओलाव्याने जात नाहीत. हत्यारांत काटकसर करायची असेल तर ती दुसरीकडे करावी. पकडीत केलेली काटकसर अकरा ठिकाणी परत करावी लागली.

एका प्रश्नावर मात्र आमचे अजून एकमत नाही. सरांना वाटते की त्यांनी आधीच इलेक्ट्रिशियनची वाट पाहून पावसाळाभर गाडी बंद ठेवली असती तरी चालले असते. मला तसे वाटत नाही. गाडी त्यांची आहे, रात्री ती ते चालवतात, आणि तिच्या प्रत्येक वायरीला कोणता फ्यूज राखतो हे आता त्यांना माहीत आहे. ती वही प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवलेली असते, शेजारी पांढरे ८ चे सहा आणि लाल १६ चे दोन सुटे फ्यूज.

मागच्या दिव्यांकडे जाणारा, पायाखालच्या चटईच्या आतून गेलेला जुडगा अजून जुनाच आहे. २१ वॅटच्या चाचणीत तो उतरला, पण चटईखाली ओल आहे. येत्या दिवाळीच्या सुट्टीत तो बदलायचे ठरले आहे. वायर आणि क्रमांकांच्या स्लीव्ह आणून ठेवल्या आहेत, आणि या वेळी नकाशा आधी काढून झाला आहे.